शिष्यवृत्तीचे पैसे मार्चमध्ये, फी जूनमध्ये: मधल्या काळात मुलांना मदत कशी करावी?

मानखुर्दची अभ्यासिका

नमस्कार. आम्ही चार निवृत्त मित्र मानखुर्दला एका गृहनिर्माण संस्थेच्या सभागृहात संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत अभ्यासिका चालवतो. येणारी बहुतेक मुले पदवीच्या पहिल्या ते तिसऱ्या वर्षात आहेत, एखाददुसरा पदविकेला आहे. वडील नाक्यावर काम शोधणारे, रिक्षा चालवणारे किंवा इमारतीचे राखणदार, आणि आई बहुधा चार घरची धुणीभांडी करणारी. घर दहा बाय बाराचे असल्यामुळे मुले आमच्याकडे येतात ती मुख्यतः टेबल, पंखा आणि शांतता यांसाठी. पैशाचा विषय आमच्या कार्यक्रमात मुळात नव्हता.

तो आला मागच्या फेब्रुवारीत. बी. एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा तीन आठवडे फिरकला नाही, म्हणून चौकशी केली, तेव्हा त्याच्या बहिणीकडून कळले की परीक्षेचा अर्ज महाविद्यालयाने अडवला आहे. हा मुलगा अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र होता, अर्ज मंजूरही झाला होता, आणि केंद्राचा हिस्सा त्याच्या खात्यात जमासुद्धा झाला होता. तो सात दिवसांच्या आत महाविद्यालयात भरायचा असतो. परंतु त्याच आठवड्यात वडील बांधकामाच्या परांचीवरून पडले, पाय मोडला, आणि फीचे पैसे चार दिवसांत रुग्णालयात गेले. मुलाने लाजेने कोणाला काही सांगितले नाही. आम्ही चौघांनी वर्गणी काढून ती वेळ निभावली, पण असे दरवर्षी आणि दर मुलामागे करणे आम्हाला झेपणारे नाही.

त्यानंतर उत्साहाने आम्ही वर्तमानपत्रांतून आणि संकेतस्थळांवरून तेवीस योजनांची यादी जमवली, छापून घेतली आणि भिंतीवर लावली. गेले वर्षभर तो कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडतो आहे. तिसऱ्या ओळीच्या पुढे कोणी वाचल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि खरे सांगायचे तर मीही ती पूर्ण वाचलेली नाही.

तेव्हा जाणकारांना विचारतो. अशा मुलांना योजना शोधून देण्यापासून सुरुवात करावी की आणखी कशापासून? फी भरण्याची वेळ जून-जुलैची आणि शिष्यवृत्ती येण्याची वेळ पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चची, हे मधले अंतर घरांनी कसे काढावे? आणि खात्यात आलेले पैसे योग्य ठिकाणी जावेत यासाठी आपण बाहेरच्या माणसांनी किती आणि कुठवर लक्ष घालावे? शेवटचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो.


जुना लेखनिक

महोदय, मुंबईतील एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मी अठरा वर्षे शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसलो. त्यातील बरीच वर्षे कागदी अर्जांची होती आणि शेवटची महाडीबीटीची, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या संकेतस्थळाची. त्या खुर्चीतून जे दिसले ते सांगतो.

तुमची यादी चुकीची नाही, पण ती उलट्या टोकाने सुरू होते. योजना तेवीस असल्या तरी त्यांना लागणारे कागद पाच-सहाच असतात, आणि बहुतेक सर्व ठिकाणी तेच लागतात. त्यामुळे मुलाला कोणती योजना लागू आहे हे पाहण्याआधी त्याची प्लॅस्टिकची पिशवी उघडून पाहावी. माझ्या अनुभवात दहांपैकी सात-आठ अर्ज पात्रतेवर अडत नसत. ते दाखल्याच्या तारखेवर, नावाच्या एका अक्षरावर किंवा बंद पडलेल्या मोबाईलवर अडत.

पहिला उत्पन्नाचा दाखला. एका वर्षाच्या दाखल्यावर तो ३१ मार्चपर्यंत वैध असल्याचे छापलेले असते. कोणीतरी फेब्रुवारीत धावपळ करून दाखला काढतो, तो पिशवीत जपून ठेवतो, आणि जुलैत अर्ज भरताना कळते की त्याचे आयुष्य संपले आहे. म्हणून एप्रिल उजाडला की 'आपले सरकार' या शासनाच्या दाखल्यांच्या संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली या दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत ठरलेली आहे, परंतु दहावी-बारावीचे निकाल लागल्यावर जी गर्दी उसळते तिच्यात सापडू नये, हे बरे. उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. मानखुर्द कुर्ला तालुक्यात येते, आणि कुर्ल्याचे तहसील कार्यालय मुलुंडला आहे. एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कुर्ला स्थानकाबाहेर पत्ता विचारत फिरण्यात कित्येक बापांची एक रोजंदारी बुडालेली मी पाहिली आहे. ज्यांना पगाराची पावती मिळत नाही त्यांनी स्वयंघोषणापत्र, शिधापत्रिका आणि राहत्या पत्त्याचा पुरावा तयार ठेवावा. आईचे उत्पन्नही धरले जाते, हे विसरू नये. मागच्या वर्षी एक लाख वीस हजार आणि या वर्षी साठ हजार असा फरक दिसला, तर तपासणारा माणूस थांबतो आणि प्रश्न विचारतो. तेव्हा खरे तेच लिहावे. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर योजनांची मर्यादा अडीच लाख आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची आठ लाख असल्यामुळे तुमच्या अभ्यासिकेतील घरांना उत्पन्न लपवण्याचे काही कारणही नाही.

दुसरी गोष्ट नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार पत्रावर शेवटी, वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे एक 'ए' जास्त. हे सगळे आधी जुळवून घ्यावे, आणि जुळवताना आधार गुणपत्रिकेप्रमाणे करावे, गुणपत्रिका आधारप्रमाणे नव्हे. मंडळाच्या कागदावरची दुरुस्ती फार वेळ खाते. तिसरी गोष्ट मोबाईलची. आधारला जोडलेला क्रमांक पुष्कळदा वडिलांचा असतो, आणि वडिलांनी रिचार्ज परवडेना म्हणून तो सोडून दिलेला असतो. मग ओटीपी कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊन पडतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे असेल तर जात वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा, एवढे त्याबद्दल पुरे.

अर्ज 'सबमिट' केला की काम झाले असे मुले धरून चालतात. प्रत्यक्षात तो आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला येतो आणि तेथून संबंधित विभागाकडे जातो. कोणत्याही टप्प्यावर त्रुटी निघाली तर तो विद्यार्थ्याकडे परत येतो आणि तेथेच पडून राहतो. लेखनिकाच्या समोर शेकडो अर्ज असतात; तो प्रत्येकाला फोन करील अशी अपेक्षा ठेवू नये (मी करीत असे, पण त्याचे कारण मला घरी लवकर जायला आवडत नसे, हे होते). दर पंधरवड्याला मुलाला तुमच्यासमोर लॉगिन करायला लावा आणि अर्ज कोठे आहे ते वहीत लिहून घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे नूतनीकरण हाही स्वतंत्र अर्जच असतो. 'मागच्या वर्षी मिळाली होती' म्हणून यंदा आपोआप मिळत नाही.

आणखी एक समज खोडून काढण्यासारखा आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर 'मुलींचे शिक्षण मोफत झाले' असे पालक सरसकट बोलतात. तो निर्णय आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींसाठी आहे, आणि तोही केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशापुरता. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला तो लाभ नाही. मुंबईत तर नावे सारखी दिसणारे दोन अभ्यासक्रम एकाच इमारतीत चालतात, एक प्रवेश परीक्षेतून भरला जाणारा आणि दुसरा नाव थोडे बदलून तिच्याबाहेर ठेवलेला. प्रवेश घेण्यापूर्वी कार्यालयात एकच प्रश्न विचारावा: 'या अभ्यासक्रमाला महाडीबीटीवर कोणती योजना दिसते?' उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला तर तेही उत्तरच समजावे.

फीच्या अंतराबद्दल: पात्र मागासवर्गीय विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. तोंडी भांडू नये. प्राचार्यांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहावा, शिष्यवृत्तीस पात्र असल्याचे कागद जोडावेत, उर्वरित रकमेसाठी हप्ते मागावेत, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊन ती पिशवीत ठेवावी. आवक क्रमांक पडलेला अर्ज सहसा कोणी नाकारत नाही. बहुधा त्याला उत्तरच येत नाही, आणि तेवढ्यात मार्च उजाडतो.


तिसरा फलाट

एवढे सगळे करण्यापेक्षा मुलांना सरळ शैक्षणिक कर्ज का घेऊ देत नाही? सरकारने आता तारणाशिवाय कर्ज द्यायला सुरुवात केली आहे असे ऐकतो. नोकरी लागली की फेडतील. आमच्या चाळीत दोघांनी घेतले आहे.


पासबुक

मी एका सरकारी बँकेत एकतीस वर्षे होते, त्यातील शेवटची सहा कर्ज विभागात. तिसरा फलाट यांच्या प्रश्नाला आधी उत्तर देते, कारण ते लहान आहे.

बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत विद्यार्थ्याने स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही, आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. तुम्ही म्हणता ती पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तिच्यात सुरुवातीला निवडलेल्या ८६० संस्था होत्या, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात, म्हणजे हप्ते सुरू होण्यापूर्वी, तीन टक्के व्याज अनुदान आहे. अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या मुलासाठी हे सर्व ठीक आहे. पण ज्या मुलीची अडचण सप्टेंबर ते मार्च एवढ्या काळासाठी पंधरा हजारांची आहे, तिला पाच वर्षांच्या हप्त्यात अडकवणे मला पटत नाही. त्याहून वाईट म्हणजे खासगी क्लासवाल्यांनी 'बिनव्याजी हप्ते' म्हणून मुलांकडून भरून घेतलेले अर्ज. ते वास्तविक एखाद्या वित्त कंपनीचे कर्ज असते. क्लास आवडला नाही म्हणून मुलगा जाणे बंद करतो, हप्ता मात्र बंद होत नाही, आणि विसाव्या वर्षी त्याच्या नावावर थकबाकीची नोंद पडते. तुमच्या भिंतीवर एकच कागद ठेवायचा असेल तर या विषयाचा ठेवा.

आता मुख्य मुद्दा खात्याचा. शिष्यवृत्तीचे पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, ते आधारवर येतात, आणि एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली असते. जी शेवटी जोडली ती. 'माझ्या खात्याला आधार लिंक आहे' असे मुले सांगतात, तेव्हा त्यांचा अर्थ बहुधा केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, दिलेल्या छायाप्रतीचा असतो. अनुदान त्या खात्यात यावे यासाठी वेगळी संमती द्यावी लागते. आमच्या शाखेत एक मुलगी तीन महिने येत होती. संकेतस्थळावर 'रक्कम वितरित' असे स्पष्ट दिसत होते आणि तिच्या पासबुकात एक रुपयाही नव्हता. शेवटी शोध लागला की तिने नवे सिमकार्ड घेतले तेव्हा दुकानदाराने यंत्रावर दोनदा अंगठा घेतला होता. एक सिमसाठी होता आणि दुसरा कशासाठी हे तिने विचारले नव्हते. त्या दुसऱ्या अंगठ्याने एक खाते उघडले गेले, आधार तिकडे वळले, आणि तिची शिष्यवृत्ती तेथे शांतपणे पडून होती. आधारच्या संकेतस्थळावर आपले आधार सध्या कोणत्या बँकेला जोडलेले आहे ते पाहता येते. अर्ज भरण्यापूर्वी एकदा आणि जानेवारीत एकदा प्रत्येक मुलाने ते पाहावे, दोन मिनिटांचे काम आहे.

पैसे योग्य ठिकाणी जाण्याबद्दल आपण विचारले आहे. मला त्या मुलाला दोष देता येत नाही. खात्यात तीस-चाळीस हजार रुपये असताना बापाचा पाय मोडला आणि मुलगा 'हे महाविद्यालयाचे आहेत' म्हणून बसून राहिला, तर तो मला घरातला मुलगाच वाटणार नाही. तेव्हा मुद्दा मनोनिग्रहाचा ठेवू नये, सोयीचा ठेवावा. हे खाते फोनवरच्या यूपीआयला जोडू नये. रोजच्या व्यवहारासाठी दुसरे ठेवावे, पण त्याला आधारची अनुदानाची जोडणी देऊ नये. रक्कम आल्याचा संदेश आला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन महाविद्यालयाच्या नावे भरणा करावा, पावती घ्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आलेल्या रकमेतील स्वतःचे किती आणि फीचे किती हे मुलाला आधीपासून ठाऊक असावे. केंद्राच्या २०२१ च्या दरांप्रमाणे सर्वसाधारण पदवीच्या, घरी राहणाऱ्या विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता वर्षाला तीन हजार आणि वसतिगृहात राहणाऱ्याचा सहा हजार आहे. म्हणजे खात्यात आकडा कितीही मोठा दिसला तरी खरोखर खर्चायला असतात ते तेवढेच. मी मुलांना हा हिशेब पासबुकाच्या आतल्या कव्हरवर पेन्सिलीने लिहायला सांगते. घरातल्या मोठ्या माणसालाही तो दिसतो, आणि वाद घालण्याची वेळ येत नाही.

बाहेरच्या माणसाने किती लक्ष घालावे? पासवर्ड, ओटीपी आणि एटीएम कार्ड यांना हात लावू नये, मूल स्वतःहून देत असले तरी. बाकी सोबत जावे.


विक्रोळीची

मी तुमच्या अभ्यासिकेसारख्याच एका अभ्यासिकेत वाढलेली आहे, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते. वडील सेंट्रिंगचे काम करीत. मी २०२२ मध्ये वाणिज्य शाखेची पदवीधर झाले आणि आता एका लेखापालाच्या कार्यालयात आहे.

भिंतीवरची यादी आम्ही का वाचत नव्हतो ते सांगते. तिच्यापाशी उभे राहिले की आपण गरीब असल्याचे सर्वांना दिसते. आमच्या अभ्यासिकेतील काका सुरुवातीला विचारत, 'कोणाला पैशाची मदत हवी आहे का?' आणि सगळ्या माना पुस्तकात जात. पुढे त्यांनी प्रश्न बदलला. ते प्रत्येकाला, अगदी ज्यांची घरे बरी होती त्यांनाही, 'तुझा अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे?' असे विचारू लागले. या प्रश्नाचे उत्तर देण्यात कमीपणा नव्हता, आणि एकाचे ऐकून दुसऱ्याला आठवत असे.

वरील उत्तरांत एक गोष्ट राहिली आहे. तुमच्याकडे नाका कामगारांची मुले आहेत असे आपण लिहिले आहे. त्यांच्या वडिलांची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का ते विचारा. नोंदणी जिवंत असेल तर पदवीला शिकणाऱ्या मुलांना मंडळाकडून वर्षाला वीस हजार रुपये शैक्षणिक साहाय्य मिळते, अभियांत्रिकीला साठ हजार आणि वैद्यकीयला एक लाख, दोन मुलांपर्यंत. अट अशी की वडिलांनी मागच्या वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते आणि नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर करावे लागते. मला पहिल्या वर्षी हे पैसे मिळाले. दुसऱ्या वर्षी ठेकेदार काम अर्धवट टाकून निघून गेला, प्रमाणपत्रावर सही करायला कोणी उरले नाही, नोंदणी खंडित झाली आणि ते वर्ष कोरडे गेले. तेव्हापासून वडील प्रत्येक साइट संपताना शेवटच्या मजुरीबरोबर सहीसुद्धा घेत. ही सवय तुम्ही पालकांना लावू शकाल, मुलांना नाही. त्यासाठी एखादी बैठक रात्री नऊनंतर ठेवावी लागेल. मात्र अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीबरोबर दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही, तेव्हा त्या मुलांनी आधी दोन्हींचे आकडे मांडून पाहावेत.

बारावीला चांगले गुण मिळालेल्यांसाठी केंद्राची एक शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असते. आपल्या मंडळाच्या यशस्वी विद्यार्थ्यांत ऐंशी पर्सेंटाइलच्या वर (ऐंशी टक्के गुण नव्हे, तर शंभरांतील ऐंशी जणांच्या पुढे) असणे आणि घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असणे, या तिच्या मुख्य अटी आहेत. पदवीच्या तीन वर्षांत दरवर्षी बारा हजार मिळतात. तिला जातीची अट नसल्यामुळे आमच्या महाविद्यालयात 'ही आपली नव्हे' असे समजून मागासवर्गीय मुले आणि 'आपल्याला काही मिळतच नाही' असे समजून खुल्या गटातील मुले, दोघेही तिच्याकडे पाहत नसत. याउलट स्वाधार योजनेचे साठ हजार ऐकून तुमची मुले हुरळून जातील. पण ते शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या, बाहेरगावाहून आलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. मानखुर्दला आईवडिलांजवळ राहणाऱ्याला ते लागू नाहीत. शिकण्यासाठी मुंबईत आलेला एखादा चुलतभाऊ असेल तर त्याला जरूर सांगा.

मधल्या काळाबद्दल माझे उत्तर फार मोठे नाही. मी सकाळचे महाविद्यालय घेतले आणि दुपारी एका तपासणी प्रयोगशाळेत अहवाल टंकलिखित करण्याचे काम धरले. मुंबईत ही सोय जुनी आहे. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरदार विद्यार्थ्यांसाठीच तासिका सकाळी ठेवल्या होत्या. पुस्तके मी विकत घेतलीच नाहीत, निम्मी महाविद्यालयाच्या पुस्तकपेढीतून आणि निम्मी प्रभादेवीच्या सिद्धिविनायक न्यासाच्या पुस्तकपेढीतून आली. लोकलच्या पासासाठी सवलतीचा अर्ज महाविद्यालयातून मिळतो. पण तो मागायला कार्यालयाच्या खिडकीवर नेमक्या वेळेत जावे लागते, आणि नोकरी करणाऱ्या मुलाची तीच वेळ चुकते.

आणि एक वही. काकांनी मला दोनशे पानी वहीत जून ते मे असे बारा रकाने आखून दिले होते. वरच्या ओळीत त्या महिन्यात काय द्यायचे आहे (फी, परीक्षा शुल्क, पास, झेरॉक्स), खालच्या ओळीत काय येणार आहे. खालची ओळ पेन्सिलीने लिहायची आणि पैसे हातात पडले की त्यावर पेन फिरवायचे, असा नियम होता. पहिल्या वर्षी फेब्रुवारीपर्यंत ती ओळ सगळी पेन्सिलीचीच होती. पण त्यामुळे ऑक्टोबरमध्ये परीक्षा शुल्काचे सोळाशे रुपये कमी पडणार आहेत हे मला ऑगस्टमध्येच दिसले, आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरमध्ये आईने माझा हात लावून घेतला.


मानखुर्दची अभ्यासिका

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. यादी आज संध्याकाळी काढून टाकतो आणि प्रत्येक मुलासाठी एक वही आणतो. कर्जाबद्दलचा कागद मात्र लावीन. लेखनिक साहेबांनी सांगितल्याप्रमाणे पिशव्या उघडायला कालच सुरुवात केली. नऊ मुलांपैकी सहा जणांचे उत्पन्नाचे दाखले मार्चमध्ये संपले आहेत आणि चौघांच्या आधारचा मोबाईल क्रमांक बंद आहे. ज्याच्यापासून हे सगळे सुरू झाले तो मुलगाही या चौघांत आहे.

आम्हा चौघांनी मिळून चाळीस हजार रुपये वेगळे काढायचे ठरवले आहे. ज्याची फी शिष्यवृत्ती येईपर्यंत अडेल त्याची रक्कम आम्ही थेट महाविद्यालयात भरायची आणि शिष्यवृत्ती आली की त्याने ती आमच्याकडे परत करायची, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्याला उपयोगी पडेल. व्याज नाही आणि कागदही नाही. यात काही अडचण दिसते का? दाखल्यांसाठी येत्या शनिवारी पाच-सहा मुलांना घेऊन मुलुंडला जाण्याचा विचार आहे.


जुना लेखनिक

कल्पना चांगली आहे. एक काळजी घ्या. महाविद्यालयाची पावती विद्यार्थ्याच्याच नावे घ्या, तुमच्या नावे नको, कारण पुढे फी भरल्याचा पुरावा म्हणून तीच दाखवावी लागते. जितकी रक्कम द्याल तितकी त्याच्या वहीत खालच्या ओळीत पेन्सिलीने लिहून ठेवायला सांगा, त्याहून वेगळा कागद लागणार नाही. एखादा परत करू शकला नाही तर त्याच्या घरी जाऊ नका. आधारचा मोबाईल बदलण्यासाठी मात्र सहसा आधार केंद्रात मुलाला स्वतः जाऊन अंगठा द्यावा लागतो; ते काम दाखल्याच्या आधी करा.

आणि शनिवारी जाऊ नका. २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे.


मानखुर्दची अभ्यासिका

मग सोमवारी. दोघांच्या तासिका बुडतील, त्यांचे कागद मी घेऊन जातो.


पासबुक

त्यांच्या अर्जावर त्यांची सही आधीच घेऊन ठेवा, आणि शिधापत्रिका मूळ न्या. छायाप्रत पाहून परत पाठवतात.